दोन ठोके म्हणजे झालं

हे खरं घडलंय.

हे वाक्य या पेजवर प्रत्येक जण लिहितो, मला माहीत आहे. गेले कित्येक महिने मी इथल्या कथा वाचतेय. त्या पांढऱ्या कपड्यातल्या बाया, त्यांचे उलटे पाय, आणि बरोबर बाराच्या ठोक्याला बंद पडणाऱ्या गाड्या. एकाने तरी गाडीचं सर्व्हिसिंग वेळेवर करा की. मला भीती वाटत नाही, तुमची कीव येते.

माझ्या गोष्टीत रात्र नाही. अमावस्याही नाही. गुरुवार होता, सकाळचे पावणेबारा. ट्यूबलाइट चालू होत्या, कॉम्प्रेसर धडधडत होता आणि त्याच शेडमध्ये वीस-पंचवीस माणसं होती.

तरीही आज भर दुपारी हे लिहिताना मी पाय खुर्चीवर वर घेऊन बसलेय.

का, ते शेवटी सांगते.

मी एका ट्रेनिंग सेंटरमध्ये होते. विमानाच्या पत्र्याचं काम, सहा महिन्यांचा कोर्स. लोकांना वाटतं आम्ही विमानं बनवतो. पहिला महिना आम्ही तळहाताएवढा ॲल्युमिनियमचा तुकडा कानशीने घासत होतो. दुसरा महिना त्याला भोकं पाडत होतो. तिसरा महिना त्या भोकांच्या कडा साफ करत होतो. वहिनी दर रविवारी विचारायची, "काय मग, उडालं का विमान?" आणि स्वतःच हसायची.

मी दादा-वहिनीकडे राहत होते. हॉलमधल्या सोफ्यावर. पाहुणे आले की माझी खोली गेली. वहिनीकडे पाहुणे फार येतात.

एकदा मी नापास झाले होते. जोडीदार गाढव मिळाला म्हणून, असं मी सगळ्यांना सांगते. सेंटरचा नियम साधा होता. दुसऱ्यांदा नापास झालात की नाव कट. पास झालात की फॅक्टरीत नोकरी आणि फॅक्टरीच्या हॉस्टेलवर खोली. दाराला आतून कडी असलेली खोली.

मला ती कडी हवी होती. विमानं गेली खड्ड्यात.

बॅचबद्दल काय सांगू? एक जण गोल भोकाची कड साफ करायला घेतली की विचारायचा, "सर, सुरुवात कुठून करू?" एकाने स्वतःच्या बुटाला ड्रिल मारला आणि आठवडाभर तो बूट सगळ्यांना दाखवत फिरला. सरांना कपाळावरचा चष्मा सापडत नसे, आणि ते आम्हाला मिलिमीटरचा दहावा भाग शोधायला लावायचे. या लोकांत मी सगळ्यात चांगली होते. त्यात फुशारकी काही नाही. तिथे टेबलसुद्धा दुसरं आलं असतं.

आणि माझ्या वाट्याला जोडीदार कोण आली?

मावशी.

ती कुणाचीच मावशी नव्हती. पंचेचाळीस वर्षांची होती म्हणून बॅचने नाव ठेवलं होतं. वीस वर्षं शिवणकाम करून आली होती. पत्रे जोडायचा प्रत्येक रिव्हेट आधी उजेडात धरून उलटसुलट बघायची, मग माझ्या हातात द्यायची. माझ्या डोक्यात तिडीक जायची.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही.

रिव्हेट एकट्याने मारता येत नाही. पत्र्याच्या बाहेर एक जण हवेवर ठोकणारी गन घेऊन उभा असतो. आत दुसरा, हातात लोखंडी ठोकळा घेऊन. बाहेरच्याने गन मारली की आतल्याने रिव्हेटच्या टोकाला ठोकळा दाबून धरायचा, म्हणजे टोक चपटं होऊन रिव्हेट घट्ट बसतो. ठोकळा नसेल तर काहीच होत नाही, रिव्हेट नुसता आत सरकतो.

मध्ये पत्रा. एकमेकांचं तोंड दिसत नाही. गनच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही. म्हणून आतला माणूस ठोकळ्याने पत्र्यावर खुणा देतो.

एक ठोका म्हणजे अजून मार.

दोन ठोके म्हणजे झालं, पुढे चल.

तीन ठोके म्हणजे बिघडलं, हा काढावा लागेल.

तीन आले की बाहेरच्याने त्या रिव्हेटवर लाल पट्टी चिकटवायची आणि पुढे जायचं. रांग संपली की लाल पट्टीवाले काढून नवे मारायचे.

मावशी तीन फार द्यायची. कंटाळा येईपर्यंत द्यायची.

सराव आम्ही शेपटावर करायचो. एका भंगारातल्या विमानाचा मागचा भाग शेडच्या कोपऱ्यात स्टँडवर ठेवला होता, त्याला सगळे शेपूट म्हणत. आत जायला खालून एक झडप. आत गुडघे छातीशी घेऊन एकच माणूस बसेल, एवढी जागा.

आणि तिथेच भिंतीवर हत्यारांचा बोर्ड होता. प्रत्येक हत्याराचा आकार पांढऱ्या रंगाने काढलेला, त्यावर हूक. हत्यार घेतलं की त्या हूकवर आपल्या नंबरचा पितळी बिल्ला लावायचा. हत्यार परत ठेवलं की बिल्ला काढून घ्यायचा. विमानात पाना विसरला तर माणसं मरतात, म्हणून एवढा बंदोबस्त.

सतरा नंबरच्या हूकवर कायम एक बिल्ला असायचा.

ठोकळा नाही. नुसता बिल्ला, झिजलेला, नंबर न वाचता येणारा.

मी एकदा स्टोअरवाल्या काकांना म्हटलं, "काका, कुणी तरी तुमचा ठोकळा ढापला आणि तुम्ही त्याचा बिल्ला जपताय होय?"

"ज्याने लावला त्यानेच काढायचा," काका म्हणाले. "नियम आहे."

"मग आहे कुठे तो?"

"माझ्या आधीची गोष्ट. आत बसायचा, म्हणे. कधी तीन द्यायचा नाही. मारा काहीही, तो दोन देणार. बाहेरच्यांचा फार लाडका होता."

"मग?"

"मग काय... एकदा चहाच्या सुट्टीआधी शेपटात बसला. बाहेरचा चहा पिऊन आला, तर आत कुणी नाही. झडपेसमोरच माणसं बसली होती. खाली उतरताना कुणीच पाहिला नाही."

मी हसले. म्हटलं, पळाला असेल. या सेंटरमधून कुणाला पळावंसं वाटणार नाही? आणि पुढे मी असंही म्हणाले, मला नीट आठवतंय...

"मावशीपेक्षा तो परवडला असता."

काका मान खाली घालून बिल्ले पुसत राहिले.

परीक्षेचा गुरुवार. चाळीस रिव्हेट, शेपटावर, बारा वाजेपर्यंत. जोडीत तीन लाल पट्ट्या म्हणजे नापास.

अठरा रिव्हेट झाले तेव्हा आमच्या दोन पट्ट्या लागल्या होत्या. दोन्ही मावशीच्या कृपेने.

एकोणिसावं भोक पाडताना माझा ड्रिल तिरका गेला.

चूक माझीच होती, सांगून टाकते. घाई केली. भोक गोल राहिलं नाही, लांबट झालं. अशा वेळी सरांना सांगायचं, एक माप मोठा रिव्हेट मागायचा आणि लाल पट्टी लावायची. तिसरी पट्टी.

मी नेहमीचाच रिव्हेट घातला आणि गन मारली.

आतून ठोके आले. तीन.

मी परत मारली.

तीन.

मी पत्र्यावर हाताने थापटलं. "मावशी, दोन द्या! वेळ नाही!"

तीन.

मग झडप उघडली आणि मावशी बाहेर आली. हातात ठोकळा होता. हत्यार सोडून उठायचं नाही, हा नियम तिच्या अंगातच मुरलेला. तिने पत्रा बघितला. पट्टी नव्हती.

"भोक लांबट झालंय गं," ती हळूच म्हणाली.

"कुणाला दिसतंय?"

"मला दिसलं ना."

"मावशी, ही परीक्षा आहे. हा पत्रा आयुष्यात कधी उडणार नाहीये."

"सवय तर उडणार आहे ना तुझ्याबरोबर," ती म्हणाली. "थांब. मी स्टोअरमधून मोठा रिव्हेट आणते. सरांना मी सांगते, माझा हात हलला म्हणून."

म्हणजे नापास. तिच्या चांगुलपणापायी मी परत सोफ्यावर. मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. मी तिला नको ते बोलले. शिवणयंत्राकडे परत जा, म्हटलं. ती गेली. मी शेपटाकडे तोंड करून उभी राहिले.

आणि आतून...

ठक. ठक.

दोन.

आली वाटतं परत, मी मनात म्हटलं. बोलणं लागलं तर बाईला. मी वळूनसुद्धा बघितलं नाही.

विसावा रिव्हेट घातला. गन मारली.

ठक. ठक.

एकविसावा.

ठक. ठक.

असं काम मी जन्मात केलं नव्हतं. गन थांबते न थांबते तोच ठोके. एकदाही "अजून मार" नाही. समोरचा माणूस आपल्या मनातलं ओळखून काम करतोय, असं वाटत होतं. मला हसू फुटलं. म्हटलं, बघा, दोन शिव्या घातल्या की कशी सरळ होतात माणसं.

तिसावा. पस्तिसावा. चाळिसावा.

ठक. ठक.

मी गन खाली ठेवली. घड्याळात बाराला पाच कमी होते.

"झालं, मावशी! या बाहेर!"

उत्तर आलं... पण मागून.

"कुणाबरोबर मारतेयस तू?"

मावशी शेडच्या दुसऱ्या टोकाकडून चालत येत होती. एका हातात मोठा रिव्हेट. दुसऱ्या हातात ठोकळा.

मी झडपेतून आत डोकं घातलं.

कुणी नव्हतं.

दिवा चालू होता. बसायची गादी मध्यभागी दबलेली होती, आणि मी बघत असताना... ती हळूहळू वर आली.

आतून मी रिव्हेट बघितले. सगळे बसले होते. एकसारखे चपटे, पुस्तकातल्या चित्रासारखे. आमच्या दोघींपैकी कुणाचाही हात असा नव्हता.

सर आले. आरसा घालून, माप लावून सगळं तपासलं. एकोणिसावासुद्धा. "उत्तम," म्हणाले आणि कागद पुढे केला. त्यावर दोन सह्या लागतात, बाहेरच्याची आणि आतल्याची. मी सही केली.

मावशीने नाही केली.

"अठरा माझे आहेत," ती म्हणाली. "एकोणिसाव्याला मी तीन दिले होते. पुढचे एकवीस माझे नाहीत. मी आत नव्हते."

सरांनी माझ्याकडे बघितलं. "मग आत कोण होतं?"

आता खरं बोलायची वेळ होती. मी काय बोलले, ऐका.

"मावशीच होत्या, सर. परीक्षेचं टेन्शन आलंय त्यांना. घाबरल्यात."

मावशी माझ्याकडे बघत राहिली. रागावली नाही. मला ते जास्त झोंबलं. सही नाकारली म्हणून तिला नापास केलं, तिची ती पहिलीच वेळ होती. मी पास झाले.

निघताना स्टोअरवाल्या काकांनी हाक मारली.

"सतराचा बिल्ला तू काढलास?"

मी वैतागून एप्रनचा खिसा उलटा केला. माझा बिल्ला पडला.

आणि मागोमाग दुसरा. झिजलेला.

काकांनी तो उचलला नाही. मीसुद्धा नाही. मी सरळ घरी गेले आणि वहिनीला सांगितलं की उडालं एकदाचं विमान.

फॅक्टरीत मला खोली मिळाली. कडीसुद्धा मिळाली. पहिल्या रात्री मी ती चार वेळा लावून बघितली.

कामावर आत बसणारा जोडीदार रोज बदलतो. कुणी कसाही असो, माझ्या रांगेत लाल पट्टी लागत नाही. एकसुद्धा नाही. फोरमन सगळ्यांसमोर म्हणायचा, "बाईसाहेबांच्या पत्र्याला लाल रंग माहीतच नाही." बाकीचे जळायचे. जळू देत, मी म्हणायचे, तुमची लायकीच नाही. इन्स्पेक्टर दहातले दोन रिव्हेट तपासतो. उरलेले आतल्या माणसाच्या ठोक्यांवर जातात.

आठ महिने. दोन ठोके, दोन ठोके, दोन ठोके.

परवा शुक्रवारी मावशी फॅक्टरीत नवीन लागली. तिने परत कोर्स करून परीक्षा दिली होती. आणि आमच्या बिनडोक फोरमनने तिला नेमकं माझ्याबरोबर लावलं.

ती आत, मी बाहेर. तीस रिव्हेटांची रांग. सगळ्यांना दोन आले. मी मनात म्हटलं, सुधारली बाई.

रांग संपली. मावशी बाहेर आली आणि पत्र्यावरून हात फिरवायला लागली.

"पट्ट्या कुठेत?"

"कसल्या पट्ट्या? सगळे दोनच आले."

"मी सहा वेळा तीन दिले," मावशी म्हणाली.

मी हसायला गेले. हसू आलं नाही.

तिने माझ्या कानांवरचे आवाज अडवणारे मफ काढले. मला लोखंडी टेबलाजवळ नेलं. म्हणाली, "माझ्या हाताकडे बघ आणि मोज." आणि ठोकळा टेबलावर मारला.

हात खाली आला. एकदा. दोनदा. तीनदा.

मी डोळ्यांनी बघितलं. तीनदा.

ऐकू आले...

ठक. ठक.

"परत," मी म्हटलं.

ठक. ठक.

"परत मारा, मावशी."

तिने पाच-सहा वेळा मारून दाखवलं. दर वेळी हात तीनदा खाली आला. दर वेळी मला दोनच ऐकू आले. शेवटी तिने ठोकळा बाजूला ठेवला.

"कधीपासून?" तिने विचारलं.

तिला उत्तर माहीत होतं. त्या गुरुवारी शेडमध्ये तीही होती.

"आठ महिन्यांत किती विमानं गेली इथून?" ती हळू आवाजात म्हणाली. "माणसं बसतात गं त्यात."

मग तिने माझा हात धरला. "सोमवारी सकाळी सातला इन्स्पेक्शनच्या साहेबांना सांग. तुझ्या प्रत्येक पत्र्याचा नंबर दे. तू सांगितलंस तर बरं. नाही सांगितलंस तर मी सांगणार."

"नोकरी जाईल माझी."

"जाईल."

"खोली जाईल."

"जाईल," ती म्हणाली. हात सोडला नाही.

आज रविवार आहे. दाराला कडी लावून मी टेबलाशी बसलेय. सकाळपासून वहीत पत्र्यांचे नंबर लिहून काढायचं ठरवलं होतं. एकही लिहिला नाही. त्याऐवजी हे लिहितेय, तुमच्यासाठी.

का, विचारा. कारण इथे कुणी कशावर विश्वास ठेवत नाही. तुम्ही "अंगावर काटा आला" लिहाल आणि पुढच्या उलट्या पायांकडे वळाल. सांगितल्याचं समाधान मला मिळेल आणि नोकरीही राहील. तुम्हाला मी सुरुवातीपासून नावं ठेवतेय, पण तुमच्यापेक्षा हलकं कुणी असेल तर ती मी आहे. हे मला कळतं.

आणि तरीही मघाशी एक विचार मनात आलाच. मावशीचा शब्द आणि माझा शब्द. माझ्या नावावर आठ महिने, एकही लाल पट्टी नाही. तिच्या नावावर एक दिवस, आणि त्याआधी परीक्षेत घाबरल्याची नोंद. साहेब कुणाचं ऐकतील? फक्त एवढंच म्हणायचं, मावशी घाबरलीय, टेन्शन आलंय तिला. एकदा म्हटलंच होतं की.

तेवढा विचार मी पूर्ण केला.

आणि टेबलाच्या खालून...

दोन ठोके आले.

मी पाय वर घेतले ते तेव्हा. खाली वाकून बघितलेलं नाही.

झालं, पुढे चल. असाच त्याचा अर्थ होतो ना?

पण तुम्ही इथे असतात, तर मी तुम्हाला विचारलं असतं, खरं सांगा, ठोके किती पडले ते. कारण मला दोनच ऐकू आले. मला आता दोनच येतात.